फणसाडचा पाणवठा आणि आपले बावखल

(उपवासकाळातील तिसरा रविवार)



आजची वाचने आपण लक्ष देऊन ऐकली असतील, तर त्या तिन्हींतून पाणी वाहत आहे हे आपल्या ध्यानात आले असेल. पहिल्या वाचनात तहानेने व्याकूळ झालेले इस्राएल लोक मोशेवर चिडतात आणि होरेबच्या खडकातून पाणी निघते. दुसऱ्या वाचनात संत पौल देवाच्या प्रीतीविषयी बोलताना, ती आपल्या अंतःकरणात पाण्यासारखी ओतली जाते, असे सुचवतो. आणि शुभवर्तमानात भर दुपारी चालून दमलेला प्रभू येशू सूखार गावाजवळ याकोबाच्या विहिरीपाशी बसतो व एका शोमरोनी स्त्रीकडे प्यायला पाणी मागतो.

ह्या वाचनांवर आम्ही अनेक वेळा प्रवचन दिले आहे. जिवंत पाणी म्हणजे काय, देवाचा आत्मा म्हणजे काय, हे सांगितले आहे. यंदा मात्र वाचने चाळताना एका साध्या शब्दावर आमचे बोट थांबले. तो शब्द म्हणजे गुरेढोरे. निर्गमाच्या पुस्तकात लोक तक्रार करतात की आता आम्ही, आमची मुले आणि आमची गुरेढोरेही तहानेने मरणार. योहानाच्या शुभवर्तमानात ती स्त्री प्रभूला आठवण करून देते की ह्या विहिरीचे पाणी स्वतः याकोब प्याला, त्याचे पुत्र प्याले आणि त्याची गुरेढोरेही प्याली. दोन्ही ठिकाणी पाण्याची गोष्ट निघाली की माणसाबरोबर जनावरही आठवते. इतकी वर्षे आम्ही हा शब्द वाचून पुढे जात होतो. ह्या वेळी फणसाडच्या रानाने आम्हाला तेथे थांबवले. त्याच रानाने आम्हाला आणखी एक गोष्ट दाखवली. ती सांगणे थोडे जड जात आहे, पण ती सांगितल्याशिवाय हे प्रवचन पुरे होणार नाही.

सहल नव्हे, पदभ्रमण

राखेच्या बुधवारानंतरच्या शनिवारी आपल्या धर्मग्रामातील युवक-युवती, धर्मशिक्षण वर्गाची काही मुले आणि थोडे ज्येष्ठ असे आम्ही त्रेचाळीस जण बसने निघालो. दरवर्षी ह्या सुमारास रिसॉर्टची सहल निघते. यंदा युवकांनीच सुचवले की उपवासकाळात पोहण्याच्या तलावात डुंबण्यापेक्षा रानात चालू या. सूचना चांगली होती. आम्ही होकार दिला. चालून चालून गुडघे दुखतील एवढेच प्रायश्चित्त आमच्या मनात होते.

फणसाड अभयारण्य रायगड जिल्ह्यात मुरूड आणि रोहा तालुक्यांत आहे. अलिबाग, रेवदंडा करीत पुढे गेले की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला हे डोंगरी रान अशी त्याची ठेवण आहे. समुद्राच्या इतक्या जवळ एवढे दाट जंगल कोकणात आता क्वचितच उरले आहे. क्षेत्र सुमारे सत्तर चौरस किलोमीटर. एके काळी हे जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले आणि १९८६ साली शासनाने ह्या रानाला अभयारण्य म्हणून घोषित केले.

अभयारण्य हा शब्द आपण सहज वापरतो. त्याची फोड करून पाहावी. जेथे भय नाही असे अरण्य. कोणाचे भय? बिबट्याचे भय हरणाला तेथेही आहेच. नाही ते माणसाचे. म्हणजे आपण जेथे कोणाला भीतीचे कारण होत नाही, अशी जागा. उपवासकाळात मनपरिवर्तनाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. येथे एका रानाचे परिवर्तन झाले आहे. शिकाऱ्याला माहीत असते की उन्हाळ्यात जनावर कोठेही लपले तरी शेवटी पाण्यावर येणारच. म्हणून तो पाणवठ्यावर दबा धरून बसतो. जे रान शिकारीसाठी राखले होते, तेथेच आज उन्हाळ्यात पाणी आटू लागले की वनखात्याची माणसे बांधलेल्या पाणवठ्यांत पाणी आणून ओततात. रान तेच आहे, जनावराची तहान तीच आहे, त्या तहानेकडे पाहणारी माणसाची नजर तेवढी बदलली.

सुपेगावच्या नाक्यावर आमच्या पिशव्या तपासल्या गेल्या. प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे मोजून नोंदवली गेली, परतताना तेवढीच दाखवायची अशी अट. एका युवकाने छोटा स्पीकर आणला होता, तो नाक्यावरच ठेवून घेतला गेला. पोरांचे चेहरे उतरले. खरे सांगायचे तर आम्हीही थोडे नाराज झालो, कारण मुलांकडून भक्तिगीते म्हणवून घ्यावीत असा आमचा बेत होता.

पाणवठ्याकाठी

आमच्याबरोबर गावातला एक तरुण वाटाड्या होता. त्याने आम्हाला ऐन, किंजळ, जांभूळ ओळखायला शिकवले. अंजनीच्या फांद्यांना निळ्या फुलांचे गुच्छ नुकतेच लागू लागले होते. गारंबीची प्रचंड वेल तर पाहण्यासारखी. माणसाच्या मांडीएवढे तिचे खोड एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाते, आणि तिच्या शेंगा हातभर लांब. उंच झाडाच्या शेंड्यावर काटक्यांचा गोळा दिसला, ते शेकरूचे घरटे. शेकरू म्हणजे तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची मोठी खार. आपल्या महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी, पण आमच्यापैकी एकानेही तो कधी पाहिला नव्हता. त्या दिवशीही घरटेच दिसले, मालक दिसला नाही.

दोन तास चालूनही माकडांखेरीज काही दिसेना, तेव्हा कुरकुर सुरू झाली. पैसे भरून आलो, बिबट्या राहो, एक ससासुद्धा नाही. इस्राएल लोकांची कुरकुर आम्ही आज वेदीवरून वाचली तेव्हा आम्हाला त्या वाटेची आठवण झाली.

दुपार कलल्यावर वाटाड्याने आम्हाला एका पाणवठ्याशी नेले. फणसाडमध्ये अशा पाण्याच्या जागेला गाण म्हणतात. फणसाडगाण, चिखलगाण अशी त्यांची नावे. पाणी थोडेच होते, कडेला चिखल. त्या चिखलात सांबराचे, रानडुकराचे, भेकराचे पाय उमटले होते. वाटाड्याने ते एकेक करून मुलांना दाखवले आणि मग तो आमच्याकडे वळून म्हणाला, “फादर, आता सगळ्यांना झाडामागं बसवा. तुमच्या देवळात मिस्सा चालू असताना कोण बोलतं का? इथं पण तसंच.”

मिस्सा चालू असताना देवळाच्या मागच्या बाकांवर काय चालते हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते! पण मुले खरोखर गप्प बसली. दहा मिनिटे गेली, वीस मिनिटे गेली. आम्ही घड्याळ पाहत होतो. नंतर पाहिनासे झालो. आधी बुलबुल आले, पाण्यात पंख भिजवून गेले. मग रानकोंबड्या आल्या. आणि शेवटी समोरच्या झुडपातून एक भेकर बाहेर आले. एकटेच. दोन पावले टाकावीत, थांबावे, कान फिरवावेत, पुन्हा दोन पावले. पाण्याला तोंड लावले, दोन घोट घेतले, मान वर करून आमच्या दिशेने पाहिले. त्रेचाळीस माणसे श्वास रोखून बसली होती. भेकराने पुन्हा मान खाली घातली, पोटभर पाणी प्याले आणि आले तसे निघून गेले.

आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलो. संत थॉमस अक्विनसचा एक मुद्दा आम्ही तेव्हा परीक्षेसाठी पाठ केला होता. देवाचे चांगुलपण इतके अमाप आहे की कोणत्याही एका निर्मितीत ते पुरते प्रकट होऊ शकत नाही. म्हणून त्याने नाना प्रकारचे जीव निर्माण केले, की एकात जे उणे राहील ते दुसऱ्याने भरून काढावे. परीक्षेत ह्या मुद्द्यावर आम्हाला चांगले गुण मिळाले होते. त्याचा अर्थ त्या दिवशी चिखलाच्या काठी बसून कळला. त्या भेकरात देवाचे असे काहीतरी होते, जे आमच्यात नाही. ते नाहीसे झाले तर ती उणीव आम्ही भरून काढू शकणार नाही.

चौघे शुभवर्तमानकार प्रभूच्या जीवनाचे चित्र आपापल्या परीने रेखाटतात. रानातील चाळीस दिवसांविषयी संत मार्क फारच थोडे लिहितो, पण एक गोष्ट तो एकटाच सांगतो, की येशू तेथे वनपशूंबरोबर होता. पशू त्याच्यावर धावून गेले असे तो सांगत नाही, आणि येशूने त्यांना हुसकावले असेही सांगत नाही. नुसता बरोबर होता. चाळीस मिनिटे आम्हालाही तसे बरोबर राहता आले.

परत निघताना एका मुलाने वाटाड्याला विचारले, “दादा, हे पाणी आटलं तर ती कुठे जातात?” तो म्हणाला, “मग खाली गावाकडं येतात. कुत्री धरतात, नाहीतर रस्त्यावर गाडीखाली जातात.” थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग धर्मशिक्षणाच्या चौथीच्या वर्गातील एक मुलगी आमचा हात धरून चालत होती, ती म्हणाली, “फादर, आपलं बावखल आपण बुजवतोय ना? तिथे कोण येत असेल प्यायला?”

आम्ही काही उत्तर दिले नाही. “पाय सांभाळून चाल,” एवढेच म्हणालो.

हेतू चांगला होता

नाक्याकडे येताना एका मोकळ्या माळावर वाटाड्याने आकाशाकडे बोट केले. आम्हाला वाटले काही दिसते आहे. तो म्हणाला, “माझा आजा सांगायचा, इथं ढोर मेलं की घटकाभरात आभाळ गिधाडांनी भरून जायचं.” आकाश रिकामे होते.

ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे. पांढऱ्या पाठीची गिधाडे आपल्या देशात एके काळी असंख्य होती. १९९० नंतरच्या दोन दशकांत त्यांपैकी नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. कोणी त्यांना बंदुकीने मारले नाही. शेतकरी आपल्या दुखणाईत गुराला डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक औषध देत. ते गुरू पुढे मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्या औषधाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे २००४ साली संशोधकांनी सिद्ध केले आणि २००६ साली आपल्या देशात जनावरांसाठी ह्या औषधावर बंदी आली. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. फणसाडच्या परिसरात उरलेल्या गिधाडांना खाणे मिळावे म्हणून मेलेली गुरे ठराविक जागी नेऊन टाकण्याचा उपक्रमही केला गेला आहे.

जुन्या करारात गिधाड हा अशुद्ध पक्ष्यांत मोजला आहे. आपल्याकडेही त्याला कोणी शुभ मानत नाही. पण तो नाहीसा झाल्यावर कळले की गावाबाहेरची घाण साफ करणारा तोच होता. आम्हाला ह्यात सर्वात जास्त काय टोचले असेल, तर शेतकऱ्याचा हेतू. तो वाईट नव्हता. त्याला आपल्या बैलाची वेदना कमी करायची होती. नीतिशास्त्र शिकताना आम्ही हेतू आणि कृती ह्यांतील भेदावर पानेच्या पाने लिहिली आहेत. त्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही, कारण त्याला माहीत नव्हते. परंतु ज्याला माहीत होण्याची सोय होती, ज्याला सांगणारा माणूस समोर उभा होता, त्याने ऐकूनच घेतले नाही तर? हा प्रश्न रात्री तंबूत आडवे झाल्यावर आमच्या मनात आला आणि झोप उडाली.

कोर्लईची मिस्सा

दुसऱ्या दिवशी, रविवारी, परतीच्या वाटेवर आम्ही कोर्लईला माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये मिस्सा केली. कोर्लई आणि वसई ही जुनी भावंडे. दोन्हींकडे पोर्तुगिजांचे किल्ले. १७३९ साली वसईचा किल्ला मराठ्यांनी घेतला आणि १७४० मध्ये चौल-कोर्लईही पोर्तुगिजांच्या हातून गेले. राज्य गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती बांधवांच्या तोंडी पोर्तुगीज आणि मराठी ह्यांच्या मिश्रणातून घडलेली त्यांची स्वतःची बोली आजही आहे. ते तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात. जवळजवळ तीन शतके कोणत्या संग्रहालयाने ती जपली? कोणत्याही नाही. आईने लेकराला जेवायला हाक मारली ती त्या बोलीत मारली, म्हणून ती जगली.

उत्पत्तीच्या पुस्तकात देव माणसाला बागेत ठेवतो ते तिची मशागत करण्यासाठी आणि तिची राखण करण्यासाठी. ह्या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. राखण म्हणजे नुसते कुंपण घालणे नव्हे. रोज वापरणे, रोज काळजी घेणे आणि पुढच्याच्या हाती देणे म्हणजे राखण. आपल्या वाडवडिलांनी बावखले तशीच राखली. पावसाचे पाणी त्यांत साठे, रहाटाने ते केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीला जाई, दरवर्षी गाळ काढला जाई. आपण समुद्राकाठची माणसे. जमिनीत मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्याला मागे थोपवून धरते. ते मुरणे थांबले आणि उपसा मात्र चालू राहिला की विहिरीला खार लागतो, हे येथल्या कोणत्याही आजोबांना पुस्तक न वाचता माहीत आहे. जुलै २०१८ मध्ये वसईत घराघरांत पाणी शिरले, दिवसचे दिवस वीज नव्हती. पाण्याला थांबायला जागा ठेवली नाही म्हणून ते आपल्या ओटीवर येऊन थांबले, असे तेव्हा आपणच एकमेकांना म्हणत होतो.

बुजवलेल्या विहिरी

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात एक प्रसंग आहे. अब्राहामाने खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी त्याच्या मृत्यूनंतर माती टाकून बुजवल्या. पुढे त्याचा मुलगा इसहाक गरारच्या खोऱ्यात आला. त्याने त्या विहिरी पुन्हा उकरल्या आणि बापाने त्यांना जी नावे दिली होती तीच पुन्हा ठेवली. नंतर त्याने नव्या विहिरीही खणल्या. पहिल्या दोन विहिरींवरून तेथील गुराख्यांशी भांडण झाले, म्हणून त्याने त्यांची नावेही भांडणावरून आणि वैरावरून ठेवली. तिसऱ्या विहिरीवरून मात्र कोणी भांडले नाही. तिचे नाव त्याने रहोबोथ ठेवले. रहोबोथ म्हणजे ऐसपैस जागा. देवाने आता आम्हाला जागा करून दिली, असे इसहाक म्हणाला.

बंधुभगिनींनो, जागा हा शब्द गेले वर्षभर आपल्या धर्मग्रामात सतत ऐकू येत आहे. सणाच्या दिवशी गाड्या लावायला जागा नाही. लग्नाच्या वेळी जागा नाही. इसहाकाला जागा मिळाली ती विहीर उकरून. आम्ही जागा शोधायला निघालो ती पाणी बुजवून.

आमची कबुली

चर्चच्या मागचे बावखल भरून तेथे वाहनतळ करावा, पेव्हर ब्लॉक बसवावेत, हा प्रस्ताव पॅरिश कौन्सिलसमोर आला तो आमच्याकडून. इतर कोणाच्या माथी तो मारू नये. सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी बोलायला सुरुवात केली. “ह्या बावखलाच्या पाण्यावर आजूबाजूच्या विहिरी जिवंत आहेत,” असे ते सांगत होते. वेळ कमी आहे असे म्हणून आम्ही त्यांना मध्येच थांबवले आणि विषय मताला टाकला. जानेवारीत दोन डंपर डेब्रिस तेथे पडलेसुद्धा. सांगणारा माणूस समोर उभा होता आणि आम्ही ऐकले नाही. हेतू चांगलाच होता. तुमची सोय व्हावी एवढाच.

फणसाडहून परतल्यावर सोमवारी आम्ही त्या सभासदांच्या घरी गेलो आणि त्यांची क्षमा मागितली. ते आमच्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “फादर, क्षमा झाली. डेब्रिस कधी उचलताय?”

पापनिवेदनाविषयी आम्ही धर्मशिक्षणाच्या मुलांना जे शिकवतो, ते त्यांनी एका वाक्यात आम्हाला शिकवले. पश्चात्ताप झाला, पाप कबूल केले, क्षमा मिळाली. आता जे बिघडवले ते दुरुस्त करायचे असते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात सृष्टीविषयीच्या मनपरिवर्तनाची हाक दिली, तेव्हा आम्ही वेदीवरून त्यावर तीन रविवार बोललो होतो. शुद्ध पाणी हा प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क आहे, हेही त्यातूनच सांगितले होते. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या हाकेला ओ देऊन ज्या पिढीने मोर्चे काढले, ती पिढी आजही आपल्या बाकांवर बसलेली आहे. बोलणे आमचे झाले, चालणे त्यांचे झाले. आता आपल्या आवारातल्या दोन डंपर मातीचे काय करायचे, एवढाच प्रश्न आहे.

पहिला निर्णय आम्ही घाईने घेतला. दुसरा तसाच घेणार नाही. पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात सर्व धर्मग्रामस्थांची सभा होईल. बावखल बुजवण्याचा ठराव रद्द करावा, टाकलेले डेब्रिस काढावे आणि पावसापूर्वी गाळ उपसावा, असा प्रस्ताव आम्ही मांडू. ज्यांना वाहनतळ हवा आहे त्यांनी जरूर यावे आणि बोलावे. कोणालाही मध्येच थांबवले जाणार नाही. तोपर्यंत एकही डंपर आवारात येणार नाही, हा शब्द आम्ही देतो. ज्यांनी पेव्हर ब्लॉकसाठी देणगी दिली आहे, त्यांना ती परत हवी असल्यास कार्यालयात सांगावे. तसे न सांगितल्यास ती गाळ काढण्यासाठी वापरावी का, हेही सभेतच ठरेल.

गाड्यांचे काय, हे तुम्ही विचाराल आणि ते योग्यच आहे. अपंग, आजारी आणि वृद्ध ह्यांच्या गाड्यांसाठी चर्चच्या पुढच्या अंगणात जागा राखून ठेवू. बाकीच्यांसाठी रविवारी शाळेचे मैदान मोकळे असते. आणि जे चर्चपासून अर्ध्या किलोमीटरच्या आत राहतात, त्यांनी निदान उपवासकाळात चालत यावे. आपले आजी-आजोबा भल्या पहाटे चालतच मिस्साला येत असत. प्रभू येशूही त्या विहिरीवर पोचला तो चालून दमूनच. तो दमला म्हणून तो तेथे बसला, आणि बसला म्हणून त्या स्त्रीची भेट झाली. गाडीतून उतरून थेट बाकावर बसणाऱ्याला वाटेत कोण भेटणार?

सभेत प्रस्ताव मंजूर झाला तर त्यानंतरच्या शनिवारी सकाळी सात वाजता बावखलाच्या काठी जमायचे आहे. ज्यांच्याकडे घमेले, फावडे, टिकाव असेल त्यांनी आणावे. युवकांनी फणसाडला दोन तास चढ चढला आहे, त्यांना हे काम जड जाणार नाही. चौथीच्या त्या मुलीला आम्ही खास निरोप पाठवला आहे. तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे राहिले होते. परवा सायंकाळी आम्ही बावखलाच्या काठी एकटेच जाऊन अर्धा तास गप्प बसलो. डेब्रिसच्या ढिगापलीकडे अजून पाणी आहे. एक खंड्या आला, दोन बगळे आले आणि शेवटी एक मुंगूस भिंतीकडेने येऊन पाणी पिऊन गेले. तेव्हा बाळा, तेथे हे सगळे येतात. आम्हाला इतक्या वर्षांत माहीत नव्हते.

शोमरोनी स्त्री विहिरीवर आली तेव्हा तिच्याकडे घागर होती. प्रभूशी बोलून झाल्यावर ती घागर तेथेच ठेवून गावात धावली आणि आपल्याविषयी जे खरे होते ते न लपवता लोकांना सांगू लागली. तिच्या त्या धीटपणामुळे सारे गाव विहिरीकडे आले. आपल्याविषयीचे खरे सांगण्याचा तो धीटपणा प्रभूने आम्हालाही द्यावा. आपले गाव पाण्याकडे येवो, आणि त्या पाण्यावर आपली मुले व देवाची मुकी लेकरे ह्यांची तहान भागो.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.

आपला,
प्रमुख धर्मगुरू